शिदनीचं पहिलं पिल्लू

आपण काय काम करतो हे कृष्णकांत वैरागडेने पहिलं वर्षभर कोणाला धड सांगितलंच नव्हतं. हुडकेश्वरच्या ज्या गल्लीत त्याचं घर होतं तिथे तो 'रिसॉर्टमध्ये सुपरवायझर' होता. सासुरवाडीला तो 'एका शेठजींच्या फार्मवर मॅनेजर' होता. बायको पुष्पलता आणि मुलगी रितिका सोडल्या, तर कोणालाच ठाऊक नव्हतं की पन्नाशी ओलांडलेला हा माणूस रोज सकाळी शहराबाहेरच्या एका खाजगी प्राणीबागेत जातो, खाकी शर्ट चढवतो आणि प्राण्यांच्या लेंड्या झाडतो.

त्याआधीची सगळी उमर त्याने इतवारीतल्या एका दुकानात पांढऱ्या गादीवर बसून साड्या दाखवण्यात घालवली होती. ते काम त्याला शोभायचं. गिऱ्हाईक बाई नुसती "बघू" म्हणाली की तो एका झटक्यात घडी मोडायचा आणि पदर असा फेकायचा की तो नेमका तिच्या गुडघ्यापाशी जाऊन पसरायचा. नाक मुरडलेलं गिऱ्हाईक त्याला सहन होत नसे. उठू लागलेल्या बाईला तो आणखी एक साडी दाखवून खाली बसवायचा, आणि ती हसली की याचं पोट भरायचं. मग मालक असलेल्या दोन भावांत वाटण्या झाल्या, दुकानाचे दोन तुकडे झाले, आणि दोन्ही तुकड्यांत कृष्णकांतला जागा उरली नाही. वर्षभर घरी बसल्यावर मिळेल ते काम त्याने पत्करलं.

प्राणीबाग मधुसूदन शेठची. शेठ हौशी माणूस. पोपट, ससे, इमू, दोन तट्टं एवढ्यावर बाग सुरू झाली होती. पुढे सगळ्या परवानग्यांच्या फायली वर्षभर नाचवून त्यांनी कांगारूंची एक जोडी आणली आणि मादीचं नाव सिडनी ठेवलं. झाडझूड करणाऱ्या तुळसाबाईच्या तोंडात ते नाव बसेना. ती 'शिदनी' म्हणायची, आणि बघता बघता सगळेच शिदनी म्हणू लागले. नराला काही नाव पडलं नाही. तो बिचारा दिवाळीच्या सुमारास जबड्यात गळू होऊन मेला. शिदनी एकटी राहिली.

कांगारूंचं काम कृष्णकांतकडे आलं ते त्याच्या आवाजामुळे. शेठना वाटलं, हा माणूस लोकांना चार गोष्टी नीट सांगेल. काय सांगायचं ते शिकवायला डॉक्टर दीप्ती होत्या. जनावरांच्या डॉक्टर, वयाने रितिकाहून थोड्याच मोठ्या. आठवड्यातून एकदा शहरातून यायच्या आणि बोलायला एकदम सरळ.

"कांगारूचं पिल्लू जन्मतं तेव्हा शेंगदाण्याएवढं असतं, काका," त्यांनी सांगितलं होतं. "डोळे मिटलेले, अंगावर केस नाही, मागचे पाय नावालाच. पुढच्या दोन हातांनी आईच्या पोटावरच्या केसांतून आपलं आपण वर चढतं आणि पिशवीत शिरतं. आई त्याला उचलत नाही. आत गेलं की आचळ तोंडात धरतं. आचळ तोंडातच फुगतं, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने ते सुटत नाही."

कृष्णकांत ऐकतच राहिला. मग डॉक्टर म्हणाल्या, "आणि मादीला आत तीन वाटा असतात. बाजूच्या दोन वाटांनी नराचं बीज वर जातं, आणि पिल्लू मधल्या वाटेने बाहेर येतं."

हे ऐकून तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसला.

लोकांना सांगताना तो तीन वाटा गाळायचा. बाकीची गोष्ट मात्र अशी रंगवायचा की आईच्या कडेवरची पोट्टीसुद्धा गप्प व्हायची. शेंगदाण्याएवढा जीव कसा आंधळा असून केसांच्या जंगलातून वाट काढतो, हे सांगताना तो स्वतःची दोन बोटं स्वतःच्याच शर्टावरून वर चढवून दाखवायचा. तुळसाबाई खराटा टेकवून ऐकत उभी राहायची.

"तेवढं काहून गाळता जी किसनभाऊ?" एकदा तिने विचारलं.

"बायामाणसं असते न मावशी समोर."

"मंग बायामाणसाइलेच तं सांगाचं!" ती साठीची बाई तोंडाला पदर लावून हसली. "आमाले का माहीत नसते?"

कोणीतरी मोबाइलवर त्याची ती बोटं चढवण्याची गंमत काढली आणि ती फिरत फिरत हुडकेश्वरच्या त्याच्या गल्लीत पोचली. सुपरवायझर उघडा पडला. दोन दिवस तो मान खाली घालून येत-जात होता. पण कोणी हसलं नाही. उलट शेजारीपाजारी पास मागू लागले, पोरं 'कांगारूवाले काका' म्हणून हाका मारू लागली. इतवारीच्या गादीवर जे सुख मिळायचं ते त्याला परत मिळालं, आणि या वेळी तर ते नावासकट मिळालं.

हिवाळ्यात शिदनीचं पोट पुढे आलेलं दिसू लागलं. नर असतानाच पिशवीत गेलेलं पिल्लू आता वाढलं होतं. एखादे दिवशी पिशवीतून बारीक लांबडा पाय बाहेर लोंबायचा आणि पुन्हा आत जायचा. डॉक्टर दीप्तींनी सगळ्यांना बोलावून बजावलं, "आता गोंधळ नको. ही भित्री जात आहे. जीव घेऊन पळाली की पिशवीचं तोंड सैल पडतं आणि पिल्लू खाली पडतं. ती वळूनही पाहत नाही."

"आई असून?" कृष्णकांतने विचारलं.

"आई वाचली तर पुढे दुसरं होतं, काका. पिल्लू एकटं वाचत नाही."

कृष्णकांतने ते मनावर घेतलं. स्वतः दोरी बांधून लोकांना दोन हात मागे सरकवलं. कोणी शिटी वाजवली तर त्याच्या अंगावर धावून जायचा. हे त्याला पुरतं माहीत होतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

जानेवारीत रितिकाचं जमत आलं. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. मुलगा पियूष मिहानमधल्या एका कंपनीत होता, शांत, भला. पण सारा कारभार त्याच्या वडिलांच्या, महादेवरावांच्या हातात. ते नंदनवनला राहायचे, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले होते, आणि कुठल्याही गोष्टीवर सही करण्याआधी ती उलटीसुलटी करून पाहायची त्यांची सवय अजून गेली नव्हती. मध्यस्थाने त्यांना मुलीचे वडील एका रिसॉर्टचे 'मॅनेजर' असल्याचं सांगितलं होतं. एका रविवारी ते म्हणाले, "चला, कृष्णकांतरावांचा कारभार पाहून येऊ." आणि बायकोला नि पियूषला घेऊन थेट बागेतच आले. पुष्पलता आणि रितिकाही आल्या.

कृष्णकांत त्या दिवशी पांढरा, इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभा होता. महादेवरावांनी गाडीतून उतरून आधी तिकिटाची खिडकी पाहिली, मग इमूचं आवार पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"हेच का तुमचं रिसॉर्ट?"

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "किसनभाऊ, तट्टाची लीद उचलाची राह्यली जी!" महादेवराव मिशीतल्या मिशीत हसले. त्या हसण्याने कृष्णकांतच्या कानशिलांत ऊन चढलं.

मग तो दाखवत सुटला. इमू दाखवले. "मोठी कोंबडीच म्हणा न," महादेवराव म्हणाले. ससे दाखवले. "हे तं आमच्या शेजारी पाळते." पोपटाकडून 'नमस्ते' म्हणवून घेतलं, तर ते घड्याळाकडे पाहत होते. त्यांची बायको थकून रुमालाने वारा घेत होती. गिऱ्हाईक गादीवरून उठायला लागलं होतं.

शेवटी ते शिदनीच्या आवारापाशी आले. दुपारच्या उन्हात तिथे दुसरे प्रेक्षक नव्हते. तुळसाबाई मागच्या फाटकाची कडी लावून घरी निघाली होती. तिने पाहुण्यांना बघून लांबूनच कृष्णकांतला हात हलवला. शिदनी लिंबाच्या झाडाखाली कुशीवर लवंडली होती, दुपारचं जेवून पडलेल्या माणसासारखी. कृष्णकांतने शेंगदाण्याची गोष्ट सुरू केली, बोटं शर्टावरून चढवली. पियूष मन लावून ऐकत होता. महादेवरावांनी मध्येच विचारलं, "हे उडी नाही मारत का? टीव्हीवर तं लय उड्या मारते."

"मारते न जी. तिच्या मनात आलं की मारते."

"म्हणजे आपण आता तिच्या मनाची वाट पाहाची!"

सगळे हसले. पियूषही हसला. पुष्पलतासुद्धा हसली, कारण व्याही हसले होते.

"एक मिनिट," कृष्णकांत म्हणाला आणि बाजूच्या फाटकाने आत शिरला.

"राहू द्या न बाबा," रितिका मागून म्हणाली. त्याला ते ऐकू आलं.

आत चाऱ्याचं रिकामं लोखंडी घमेलं पालथं पडलं होतं. त्याने ते उचललं आणि दगडाने वाजवलं. शिदनी दचकून उठली, कान ताठ करून उभी राहिली. त्याने "हुर्रर्र" करून पुन्हा जोरात वाजवलं. तशी ती सुटली. काय ती झेप! सगळं आवार तिने चार ढांगांत पार केलं, कुंपणाशी आडवी वळली, आणि त्या वळणावर तिच्या पोटातून काहीतरी निसटून वाळलेल्या गवतात पडलं. गुलाबी होतं, लांब पायांचं, तळहाताहून जरासं मोठं. शिदनी दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. तिने वळून पाहिलं नाही.

कृष्णकांतच्या हातातला दगड तसाच राहिला. चार पावलं गेला असता, तर ते उचलून पिशवीत परत घालायचा प्रयत्न तरी झाला असता. पण मग बाहेरच्यांना सगळं कळलं असतं. बाहेर महादेवराव टाळ्या वाजवत होते.

"वा! याले म्हणते उडी!" त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला होता. "पाहिलं का गा पियूष? पैसा वसूल!"

ते हसू कृष्णकांतने पाहिलं आणि तो गवताकडे पाठ करून बाहेर आला.

"चला जी," तो म्हणाला, "चहा घेऊ."

रितिका दोरीपाशी उभी होती. ती गवताकडे पाहत होती. मग तिने वडिलांकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या मागून चालू लागली.

कॅन्टीनमध्ये चहा आला, मग भजी आली, मग पुन्हा चहा आला. महादेवराव खुलले होते. साखरपुडा फेब्रुवारीतच उरकून घेऊ, नंदनवनचा हॉल आपल्या ओळखीचा आहे, असं त्यांचं चाललं होतं. बाहेर ऊन उतरत होतं आणि गारवा वाढत होता. कृष्णकांतला फक्त ते वाळलेलं गवत दिसत होतं. एकदा तो "आलोच" म्हणून उठलाही. महादेवरावांनी त्याचा हात धरला. "बसा न जी! आता आपण सोयरे झालो." आणि तो बसला.

सगळ्यांना वाटेला लावून तो धावत गेला तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. पिल्लू पडलं तिथेच होतं. तोंडाला माती लागली होती. त्याने ते उचलून इस्त्रीच्या शर्टाच्या आत, पोटाशी धरलं, तळहाताने चोळलं. डॉक्टर दीप्तींचा नंबर त्याने मोबाइलवर काढला. पण फोन लावला तर काय झालं ते सांगावं लागलं असतं. त्याने मोबाइल खिशात ठेवला. पिल्लू हलतं आहे असं त्याला मध्येच वाटलं. पण ते त्याचं स्वतःचं पोट श्वासाने हलत होतं. शेवटी त्याने ते पुन्हा गवतात ठेवलं, होतं तिथेच, आणि घरी गेला. घरी पुष्पलताने सोयरीक जमली म्हणून शिरा केला होता. त्याने तो खाल्ला.

सकाळी पिल्लू तुळसाबाईला दिसलं. तिच्या रडण्याने सगळे गोळा झाले. शेठ आले, डॉक्टर आल्या. मागे एकदा कुत्र्याने शिरून ससे मारले होते, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी आधी कुत्राच आला. पिल्लाला दात लागलेले नव्हते. डॉक्टर म्हणाल्या, कशाने तरी घाबरून पळाली असावी. त्यांनी कृष्णकांतकडे वळून विचारलं, "काका, काल काही गडबड झाली का?"

"नाही मॅडम."

शेठनी विचारलं, "मागचं फाटक कोण लावते?"

"मीच लावतो जी, रोज," तुळसाबाई म्हणाली. "कालबी लावलं. किसनभाऊ होते न तिथं. सांगा न जी किसनभाऊ, मी कडी लावली होती न?"

तिचा कडीवरचा हात त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

"मी पाहुण्यांत होतो शेठजी," कृष्णकांत म्हणाला. "ध्यान नव्हतं माझं."

तुळसाबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. तिला ते समजतच नव्हतं. त्याच दिवशी तिचा हिशेब करून तिला काढून टाकलं.

त्यानंतर रितिका घरात गरजेपुरतंच बोलू लागली. लग्न ठरलेली मुलगी अबोल होते, असं पुष्पलताने स्वतःच्या मनाशी ठरवून टाकलं. एका रविवारी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना रितिकाने विचारलं, "बाबा, त्या पिल्लाचं काय झालं?"

"कोणत्या?"

"बाबा."

त्याने हातातली चादर घडी करायला घेतली. ती साधी चादर, पण तिची टोकं जुळेनात.

"मेलं," तो म्हणाला.

"मी पाहिलं होतं पडताना," ती म्हणाली. "तुम्हीबी पाहिलं होतं. मले वाटलं, तुम्ही आता जाल, मंग जाल. मी एक भजं खाल्लं, बाबा. मले माहीत होतं ते तिथं पडून हाये, अन् मी भजं खाऊन राहिली होती." तिने दोरीवरचा चिमटा ओढून काढला. "मीबी काहून नाही बोलली? तिकडचे काय म्हणतील म्हणून. तुमच्यासारखंच."

तुमच्यासारखंच, हा शब्द त्याला सगळ्यात जास्त लागला. ती शिव्या देती तर बरं झालं असतं. आपण केलेल्यातला अर्धा वाटा पोरीने आपल्या पदरात घेतला होता, आणि तो तिच्याकडून काढून घ्यायचा कसा, हे त्याला सुचेना. तुळसाबाईचं काय झालं, ते त्याने तिला सांगितलं नाही. तेवढी हिंमत नव्हती.

फेब्रुवारीत साखरपुडा झाला. मार्चमध्ये डॉक्टर दीप्तींच्या लक्षात आलं, की शिदनी पोटावरचे केस पुन्हा पुन्हा चाटते आहे आणि पिशवीत सारखं तोंड घालते आहे. चौघांनी तिला पोत्यात धरलं. डॉक्टरांनी दोन बोटांनी पिशवीचं तोंड उघडलं आणि त्या ओरडल्याच. आचळाला एक गुलाबी ठिपका लटकला होता. कृष्णकांतच्या हातात शिदनीची शेपूट होती. त्याने वाकून पाहिलं. इतके दिवस ज्याची गोष्ट सांगत आला होता तो शेंगदाणा त्याने पहिल्यांदा पाहिला, आणि लगेच नजर काढून घेतली.

"पण नर तं दिवाळीतच मेला!" शेठ म्हणाले. "हे कुठून आलं?" पोतं धरणारे एकमेकांकडे पाहून फिदीफिदी हसले.

"त्याचंच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पहिलं पिल्लू झालं, त्यानंतर थोड्याच दिवसांत ती पुन्हा नराकडे गेली असणार. ते बीज आत धरलं, जरासं वाढलं आणि थांबलं. पिशवीतलं पिल्लू दूध ओढत होतं, तोवर ते आत तसंच थांबून राहिलं. दूध ओढणं बंद झालं, तसा आतल्याला निरोप गेला की आता तू वाढ. महिनाभरात बाहेर."

"म्हणजे स्पेअर!" शेठ खूश झाले.

"तसं म्हणा."

सगळे हसले. निरोप कोणत्या संध्याकाळी गेला आणि कोणी पाठवला, ते तिथे एकट्या कृष्णकांतला ठाऊक होतं.

शेठनी पेढे वाटले. फाटकावर मोठा फ्लेक्स लागला. 'बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेलं पिल्लू! पाहा निसर्गाचा चमत्कार!' रविवारी गर्दी मावेना, आणि ही नवी गोष्ट सांगायला कृष्णकांतशिवाय होतं कोण? तो सांगू लागला. पहिलं पिल्लू होतं, एक दिवस कुत्रा शिरला, आई घाबरली, पिल्लू पडलं. पण आत दुसरं वाट पाहत होतं. लोक "अगं बाई!" म्हणायचे. हळव्या बाया डोळे टिपायच्या. 'कुत्रा' शब्द आला की तो दर वेळी मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, माणसाला किती माया आहे.

अशाच एका रविवारी दोन वेण्यांच्या एका मुलीने विचारलं, "पण काका, कुत्र्याला आत कोणी येऊ दिलं?"

"एक बाई होती," तो म्हणाला. "तिनं कडी लावली नाही."

शब्द तोंडातून गेले आणि त्याला स्वतःची किळस आली. आजवर त्याने तुळसाबाईवर थेट बोट ठेवलं नव्हतं. आज त्याने ते स्वतःच्या तोंडाने, कोणी भाग पाडलं नसताना, एका लेकराला सांगितलं होतं. गर्दीत उभं राहणं त्याला अशक्य झालं. "पुढचं बोर्डावर लिहिलं हाये," असं म्हणून तो तिथून निघाला आणि स्कूटर काढून तुळसाबाईच्या वस्तीवर गेला.

ती दारात तांदूळ निवडत बसली होती. त्याला पाहून उठली नाही, पण बस म्हणून पाट सरकवला. तो पाटावर बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. घमेलं, पाहुणे, चहा, भजी. ती सुपातले खडे काढत राहिली.

"मले माहीत होतं," शेवटी ती म्हणाली.

"कसं?"

"कडी मी लावली होती. मंग कुत्रा येईन कुठून? अन् घमेलं झाडाखालचं. ते सकाळी दूर पडलं होतं, अन् त्याच्यापाशी दगड." तिने सूप बाजूला ठेवलं. "मले वाटलं, आज नाही तं उद्या बोलतीन किसनभाऊ. पोट्टीची सोयरीक होऊ दे, मंग बोलतीन. मी कोणाले काही म्हटलं नाही. आता चार घरची भांडी घासतो. कामाचं काही नाही, काम मले कुठंबी भेटते. पण माह्या सुनेनं विचारलं, 'आत्याबाई, इतकं कसं ध्यान नाही राह्यलं जी तुमाले?' त्याचं काय करू मी?"

कृष्णकांतने हात जोडले. त्याला रडू येत होतं. आपण रडलो तर हिलाच आपल्याला समजवावं लागेल, हे कळून त्याने ते आवरलं.

"मले इथं नका सांगू," तुळसाबाई म्हणाली. "जिथं मले ईचारलं होतं तिथं सांगा. त्याच लोकाइपुढं. मी येतो ऐकाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुतलेलं लुगडं नेसून, सुनेला घेऊन आली. शिदनीच्या आवारापाशी शेठ होते, कृष्णकांतने फोन करून बोलावलेल्या डॉक्टर होत्या, इतर कामगार होते. कृष्णकांतने जमिनीकडे पाहतच सांगितलं. बोलताना अडखळणं कधी माहीत नसलेला तो माणूस, पण त्या दिवशी चार वाक्यं जुळवताना तीनदा थांबला. 

मग शेठ म्हणाले, "बरं. झालं ते झालं. आता कायले उकरून काढता? दुसरं आलं न? लोकाइले कुत्र्याचंच सांगा, बोर्ड तसाच राहू द्या." आणि तुळसाबाईकडे वळून, "तुम्ही या उद्यापासून कामाले."

डॉक्टर दीप्ती मात्र कृष्णकांतच्या जवळ आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, काका. तुम्हाला माहीत होतं."

"हो मॅडम."

"फोन का नाही केला? ते बराच वेळ जिवंत असणार."

 बराच वेळ, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. दोन चहांच्या मधला तो सगळा वेळ.

तुळसाबाई शेठना म्हणाली, "मी येतो. पण शिदनीपाशी किसनभाऊ नको." ती हे त्याच्यासमोरच म्हणाली, सुनेच्या देखत. शेठ काही बोलायच्या आत कृष्णकांतच "हो" म्हणाला.

रितिकाने पियूषला आपण होऊन सगळं सांगितलं. पियूष म्हणाला, "हसलो तर मीबी होतो." पण त्याने ते घरी सांगितलं, आणि महादेवरावांचा फोन आला. कृष्णकांत उभा राहून ऐकत होता. आता लग्न मोडतं, असंच त्याला वाटलं होतं. खरं म्हणजे आपल्याला काहीतरी शिक्षा व्हावी, असं आत कुठेतरी वाटतही होतं.

"अहो, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसले जी!" महादेवराव तिकडून हसत म्हणाले. "जनावरच ते. अन् दुसरं झालं न त्याले? मांडववाल्याचं पाहा आता."

"हो जी," कृष्णकांत म्हणाला.

मे महिन्यात लग्न झालं. निघताना रितिका आईच्या गळ्यात पडून रडली. वडिलांच्या पाया पडली तेव्हा तिने त्यांचा हात घट्ट दाबला.  त्या हात दाबण्यात माफी होती की आणखी काही, यावर त्याने नंतर पुष्कळ विचार केला. 

आता तो फाटकावरच्या तिकिटाच्या खिडकीत बसतो. लोक येतात, "कांगारूवाले काका न तुम्ही?" म्हणतात, मोबाइल पुढे करतात. तो तिकीट फाडून देतो आणि हाताने दिशा दाखवतो. गोष्ट आता एक नवा माणूस सांगतो. त्यात कुत्रा आहेच.

ऑगस्टमधल्या एका पावसाळी दिवशी, आठवड्याच्या मधल्या वारी, डॉक्टर दीप्ती चिखल तुडवत खिडकीपाशी आल्या. कित्येक महिन्यांत त्या त्याच्याशी कामापलीकडे बोलल्या नव्हत्या.

"काका, पिल्लाने डोकं बाहेर काढलंय," त्या म्हणाल्या. "तुळसामावशी म्हणाल्या, किसनभाऊंनाही बोलवा. या, लांबून पाहा."

कृष्णकांत खुर्चीवरून अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

"लाईन आहे मॅडम," तो म्हणाला.

डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. फाटकापासून थेट रस्त्यापर्यंत नुसता पाऊस पडत होता, माणूस एकही नव्हता. त्या छत्री सावरून परत गेल्या. कृष्णकांतने तिकिटांचं पुस्तक उघडलं आणि त्यावर उडालेलं पाणी शर्टाच्या बाहीने टिपू लागला.